भोवतालचे संगीत : ॲम्बियंटची घडण आणि शैली

ॲम्बियंट हे जागेच्या वातावरणात मिसळून राहणारे संगीत आहे. कान देऊन ऐकले तर त्यात ऐकण्याजोगे पुष्कळ सापडते. हातातल्या कामात मन गुंतले की ते मागे सरते, पण खोली सोडून जात नाही. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८मध्ये आपल्या एका ध्वनिमुद्रिकेसाठी हा शब्द वापरला आणि या प्रकाराला नाव मिळाले. ‘सभोवती फिरणे’ अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आलेला आहे. त्यामागचा प्रश्न मात्र नावाहून साठ वर्षांनी जुना आहे : समोर बसून ऐकण्याऐवजी ज्यात वावरायचे, असे संगीत कसे असावे? पॅरिस, न्यूयॉर्क, कलोन, टोकियो आणि लंडन या शहरांत त्याची निरनिराळी उत्तरे दिली गेली. या संगीताच्या शैली त्या उत्तरांतूनच घडल्या.

लक्षणे

ख्यालाच्या मैफलीची सवय असलेल्या कानाला ॲम्बियंटचे वेगळेपण लगेच जाणवते. ख्यालात आवर्तन असते, समेची ओढ असते, विलंबितातून द्रुताकडे जाणारी वाढ असते. ॲम्बियंटमध्ये बहुधा ठेका नसतो, असलाच तर खोल दबलेला असतो. सम नसल्यामुळे कुठे पोहोचायचेही नसते. एक स्वर उमटतो, त्याची आस विरू लागते आणि ती पूर्ण विरण्याआधी दुसरा स्वर तिच्यात मिसळतो.

दुसरे लक्षण म्हणजे स्वराच्या पोताला दिलेले महत्त्व. गाण्यात चाल लक्षात राहते, इथे आवाजाची जात लक्षात राहते : तो दाणेदार आहे की गुळगुळीत, जवळचा आहे की धुक्याआडचा. म्हणून सिंथेसायझर, टेप, लांबवलेली गिटार, पियानोचे सुटे सूर आणि प्रत्यक्ष भोवतालातून टिपलेले आवाज ही याची मुख्य साधने आहेत. तिसरे लक्षण पुनरावृत्तीचे. तोच आकृतिबंध पुन्हा पुन्हा येतो, पण दर वेळी किंचित सरकलेला असतो, आणि बदल इतका सावकाश होतो की तो झाल्यावरच कळतो. चौथे लक्षण घुमाऱ्याचे. दगडी गाभाऱ्यात घंटेचा नाद जसा भिंतींवरून परतत राहतो, तसा प्रतिध्वनी इथे रचनेचाच भाग असतो, मग तो खऱ्या वास्तूचा असो किंवा यंत्राने निर्माण केलेला. शेवटचे लक्षण काळाचे. या रचना बऱ्याचदा जणू आधीपासून सुरू असतात आणि पुढेही चालू राहतील अशा रीतीने थांबतात. श्रोता मध्येच आला किंवा मध्येच उठून गेला तरी काही बिघडत नाही.

सातींचे फर्निचर

या विचाराची पहिली स्पष्ट मांडणी फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी केली. १९१७मध्ये त्यांनी ‘फर्निचर संगीत’ ही कल्पना पुढे आणली. खुर्ची, पडदा किंवा भिंतीवरचा कागद जसा खोलीत असतो, तसे संगीत असावे, असा तिचा आशय होता. ८ मार्च १९२० रोजी पॅरिसच्या बार्बाझांज कलादालनात मॅक्स जाकोब यांच्या नाटकाच्या मध्यंतरात साती आणि दारियस मियो यांनी हा प्रयोग केला. वादकांना दालनात वेगवेगळ्या ठिकाणी बसवले होते आणि लोकप्रिय सुरावटींचे तुकडे ते पुन्हा पुन्हा वाजवत होते. प्रेक्षकांनी फिरावे, गप्पा माराव्यात, वाजते आहे तिकडे लक्ष देऊ नये, अशी सूचना होती. परंतु संगीत सुरू होताच प्रेक्षक गप्प होऊन ऐकू लागले. साती त्यांच्यातून फिरत, बोला, बोला, असे विनवत राहिले, पण कोणी ऐकेना. समोर संगीत वाजले की शांत बसायचे, ही युरोपीय मैफलीची शिस्त लोकांच्या अंगात मुरलेली होती आणि एका संध्याकाळात ती सुटण्यासारखी नव्हती.

सातींनी १८९३च्या सुमारास ‘व्हेक्साशियाँ’ नावाची पियानोची एक छोटी रचना लिहिली होती. तिच्या हस्तलिखितावर ८४० वेळा वाजवण्याचा उल्लेख आहे. सप्टेंबर १९६३मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी संगीतकार जॉन केज यांनी अनेक पियानोवादकांना आळीपाळीने बसवून ती पूर्ण सादर केली, तेव्हा १८ तासांहून अधिक वेळ लागला. इतक्या दीर्घ पुनरावृत्तीत ऐकणाऱ्याचे अवधान येत-जात राहते. ॲम्बियंटच्या श्रोत्याची अवस्था नेमकी हीच असते.

म्युझॅक आणि मौन

सातींची कल्पना अमेरिकेत व्यापाराच्या हाती गेली, ती त्यांच्या प्रभावाने नव्हे, तर तंत्रज्ञानाच्या सोयीने. अमेरिकी लष्करातील मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी तारांवरून संगीत घरोघर पोहोचवण्याची पद्धत शोधली होती. १९३४मध्ये त्या सेवेला ‘म्युझॅक’ हे नाव मिळाले. ‘म्युझिक’ आणि कॅमेऱ्यांमुळे गाजलेले ‘कोडॅक’ हे नाव जोडून ते बनवले होते. हॉटेल, कार्यालये, कारखाने, दुकाने आणि लिफ्ट इथे हे संगीत वाजू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतील उत्पादन वाढवण्यासाठी त्याचा वापर झाला. पुढे कंपनीने पंधरा-पंधरा मिनिटांचे संच आखले. प्रत्येक संचात गाण्यांचा जोम हळूहळू चढत जाई, म्हणजे कामगाराचा थकवा झाकला जाई. यात भोवताल होता, पण श्रोत्याला निवड नव्हती. प्रत्येक जागेवर सारख्याच मऊ वाद्यवृंदाचा थर चढवला जात होता.

जॉन केज यांनी याच्या नेमक्या उलट दिशेने पाऊल टाकले. हार्वर्ड विद्यापीठातील ध्वनिरोधक खोलीत संपूर्ण शांतता असेल अशा अपेक्षेने ते गेले, पण तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक उंच आणि एक खालचा, दोन्ही स्वतःच्याच शरीराचे. शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, तर आपण न योजलेले आवाज, हा निष्कर्ष त्यांनी त्यातून काढला. २९ ऑगस्ट १९५२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉक इथे पियानोवादक डेव्हिड ट्यूडर यांनी केज यांची तीन भागांची रचना सादर केली. तीत ४ मिनिटे ३३ सेकंद एकही सूर वाजवायचा नव्हता. त्या वेळात सभागृहात आणि बाहेर जे काही ऐकू आले, तेच संगीत. म्युझॅकने भोवताल झाकला आणि केज यांनी तो उघडा केला. पुढचे ॲम्बियंट या दोन टोकांमधल्या जागेत उभे राहिले.

तंबोऱ्याचा धागा

लांबलेल्या स्वराकडे अमेरिकी संगीतकार वळले, त्यात भारतीय संगीताचा वाटा मोठा आहे. १९५५मध्ये अली अकबर खाँ यांची सकाळ-संध्याकाळच्या रागांची दीर्घ ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. ला मॉन्ट यंग या तरुण संगीतकाराला तिच्यातल्या तंबोऱ्याच्या अखंड नादाने खिळवून ठेवले. १९५८मध्ये त्यांनी अतिदीर्घ स्वरांची तंतुवाद्य-त्रयी लिहिली. १९६०च्या त्यांच्या एका रचनेत केवळ दोन स्वर आहेत आणि ते पुष्कळ वेळ धरून ठेवावेत एवढीच सूचना आहे.

१९७०मध्ये किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला आले. अब्दुल वहीद खाँ यांचे ते शिष्य. याच वहीद खाँची तालीम हिराबाई बडोदेकरांनाही मिळाली होती. मिरजेला स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे हे घराणे महाराष्ट्राच्या कानात रुजले आहेच. एकेका स्वराला सावकाश, पूर्ण गोलाईने भिडणे हे किराण्याचे मर्म. यंग, त्यांच्या पत्नी मेरियन झझीला आणि संगीतकार टेरी रायली यांनी प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले. तंबोरा जुळवणे आणि छेडणे हाच त्या शिक्षणाचा पाया होता. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला की जवारी खुलते आणि चार तारांतून स्वरांचा एक पट्टा उभा राहतो, त्यात न छेडलेले स्वरही ऐकू येतात. यंग आणि झझीला यांनी १९८२मध्ये गुरूंच्या तंबोऱ्यांचा तासाभराहून अधिक नाद ध्वनिमुद्रित केला. त्यात गायन नाही.

हिंदुस्थानी संगीतात तंबोरा रागाला आधार देतो, तो स्वतः रचना नसतो. अमेरिकी शिष्यांनी तो आधारच पुढे आणला. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३पासून असलेल्या यंग आणि झझीला यांच्या ‘ड्रीम हाउस’मध्ये सलग वाजणारे स्थिर स्वर आणि जांभळट-गुलाबी प्रकाश एवढेच असते. डोके थोडे वळवले, दोन पावले सरकले की स्वरांचा मेळ बदलतो. पुढे ‘ड्रोन’ नावाने ओळखल्या गेलेल्या शैलीचे उगमस्थान यंग यांचे हे सारे काम आहे.

टेप आणि सिंथेसायझर

साठच्या दशकात टेपरेकॉर्डर हेच वाद्य बनले. स्टीव्ह राइश यांनी १९६५मध्ये एकाच आवाजाच्या दोन टेपफिती सोबत चालवल्या. यंत्रांच्या वेगातील सूक्ष्म फरकाने त्या हळूहळू एकमेकींपासून सरकल्या आणि त्या सरकण्यातून नवे आकृतिबंध उमटले. रायली यांनी दोन टेपरेकॉर्डर जोडून आपलेच वादन काही सेकंदांनी परत ऐकू येईल अशी योजना केली. संगीतकाराने सर्व स्वर लिहिण्याऐवजी पद्धत ठरवावी आणि पद्धतीने संगीत घडवावे, हा विचार इथे पक्का झाला.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी पश्चिम जर्मनीत टँजरीन ड्रीम, क्लाउस शुल्त्से आणि पोपोल वू यांनी सिंथेसायझर आणि इतर इलेक्ट्रॉनिक साधनांवर विस्तीर्ण, अवकाशासारखे वाटणारे संगीत रचले. टँजरीन ड्रीमची ‘झाइट’ (१९७२) आणि शुल्त्से यांची ‘इर्लिख्ट’ (१९७२) या मुद्रिकांत स्वर ढगांसारखे सरकतात. पोपोल वूने वेर्नर हेर्त्झोग यांच्या चित्रपटांना संगीत दिले. पुढे सिक्वेन्सरवर घुमत राहणाऱ्या सुरावटींची ‘बर्लिन शैली’ यातून तयार झाली आणि अवकाश-संगीत या उपप्रकाराला आधार मिळाला.

ईनो : नाव आणि तत्त्व

ब्रायन ईनो यांच्यापाशी हे सारे धागे एकत्र आले. १९७५च्या आरंभी एका अपघातानंतर ते अंथरुणाला खिळून होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने अठराव्या शतकातील हार्प संगीताची तबकडी दिली. ती गेल्यावर ईनो यांनी कशीबशी तबकडी लावली, पण आवाज फार लहान होता आणि एक स्पीकर बंद होता. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पावसाच्या आवाजात हार्पचे तुरळक सूर मिसळत होते आणि संगीत त्या संध्याकाळच्या उजेडासारखाच खोलीचा एक भाग झाले. त्याच वर्षी त्यांची ‘डिस्क्रीट म्युझिक’ ही मुद्रिका निघाली. तिची एक बाजू ३० मिनिटांची असून सिंथेसायझरच्या दोन छोट्या सुरावटी आणि दोन टेपरेकॉर्डर यांच्यातून ती तयार झाली.

‘ॲम्बियंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) ही या प्रकाराची कोनशिला. तिची कल्पना कलोन-बॉन विमानतळावर सुचली : इमारत देखणी, पण वाजणारे संगीत जागेला न शोभणारे. ईनो यांनी गरजा ठरवल्या. उद्घोषणा झाल्या तरी संगीत तुटू नये, माणसांच्या बोलण्याच्या स्वरपट्टीत आणि वेगात ते घुसू नये, आणि उड्डाणाची धास्ती खोट्या उत्साहाने झाकण्याऐवजी मन स्थिर करावे. दुसऱ्या रचनेत स्त्रियांच्या आवाजातील लांब स्वर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या वेढ्यांवर घेतले होते. एक वेढा साडेतेवीस सेकंदांनी परते, दुसरा सुमारे २६ आणि तिसरा जवळपास ३० सेकंदांनी. वेगवेगळ्या घेराच्या प्रदक्षिणा घालणारी माणसे जशी क्वचितच एकाच ठिकाणी भेटतात, तसे हे स्वर सतत नव्या जुळणीत येत राहतात.

मुद्रिकेसोबतच्या टिपणात ईनो यांनी म्युझॅकपासूनचा फरक मांडला. पार्श्वसंगीत जागेचे वेगळेपण पुसून टाकते, ॲम्बियंटने ते अधिक ठळक करावे. पार्श्वसंगीत कंटाळा घालवण्यासाठी उत्तेजना देते, ॲम्बियंटने शांतता आणि विचाराला वाव द्यावा. ऐकण्याच्या कुठल्याही एका पातळीची सक्ती न करता अनेक पातळ्यांना त्याने जागा द्यावी. या मालिकेत पुढे हॅरोल्ड बड यांच्यासोबत पियानोची मुद्रिका (१९८०), न्यूयॉर्कच्या उद्यानात ईनो यांना भेटलेल्या लाराजी यांची झिथरवरची मुद्रिका (१९८०) आणि पाण्याचे, प्राण्यांचे, मातीचे आवाज मिसळलेली ‘ऑन लँड’ (१९८२) निघाली. शेवटच्या मुद्रिकेत सुरावट जवळजवळ नाहीशी होऊन केवळ भूप्रदेश उरतो.

जपान : पर्यावरणाचे संगीत

जपानमध्ये या संगीताला ‘कांक्यो ओंगाकू’, म्हणजे पर्यावरणाचे संगीत, असे नाव पडले. सातींच्या संगीताची तिथे सत्तरच्या दशकात गोडी लागली होती आणि ईनो यांच्या मुद्रिकाही पोहोचल्या होत्या. घरची परंपराही होती. जपानी बागेत जमिनीत पालथे पुरलेले मडके असते, त्यात टपकणाऱ्या पाण्याचा मंजुळ नाद ऐकण्याची रीत एदो काळापासून चालत आलेली आहे.

हिरोशी योशिमुरा यांनी टोकियोच्या हारा समकालीन कला संग्रहालयासाठी कीबोर्डवर नऊ छोट्या रचना केल्या. खिडकीतून दिसणारी झाडे, ढग आणि प्रकाश हा त्यांचा विषय. ‘म्युझिक फॉर नाइन पोस्ट कार्ड्स’ या नावाने त्या १९८२मध्ये सातोशी आशिकावा यांच्या मालिकेत प्रसिद्ध झाल्या. आशिकावा यांची स्वतःची ‘स्टिल वे’ त्याच वर्षीची. मिदोरी ताकादा यांनी १९८३मध्ये मारिंबा, घंटा आणि इतर तालवाद्यांतून ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ रचली. बांधकाम, सौंदर्यप्रसाधने, वातानुकूलन यंत्रे अशा क्षेत्रांतील कंपन्यांनी असे संगीत करवून घेतले. हारुओमी होसोनो यांनी १९८४मध्ये मुजीच्या दुकानांसाठी संगीत केले. दुकानात वाजत असूनही ते गिऱ्हाइकाला घाई करत नाही. परदेशांत हे काम दीर्घकाळ अज्ञात होते. इंटरनेटवरून ते पसरले, २०१७मध्ये योशिमुरा आणि ताकादा यांच्या मुद्रिका पुन्हा निघाल्या आणि २०१९च्या एका संकलनाने ही शैली जगभर पोहोचली.

ध्वनिभूमी आणि ध्यान

कॅनडातील आर. मरे शेफर यांनी व्हँकूव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात प्रत्यक्ष भोवतालचा अभ्यास सुरू केला. प्रत्येक गावाला दृश्यासारखीच ध्वनीची भूमी असते, तिच्यातल्या काही खुणा लोप पावत आहेत आणि त्या नोंदवल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह १९७७च्या ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ या ग्रंथात मांडलेला आहे. बंदर, जंगल, बाजार, बर्फ यांच्या ध्वनिमुद्रणांवर उभी राहिलेली शैली याच कामाशी जोडलेली आहे.

पॉलीन ऑलिव्हेरॉस यांनी १९८८मध्ये दोन सहकाऱ्यांसह वॉशिंग्टन राज्यातील जमिनीखालच्या एका रिकाम्या पाणीटाकीत उतरून वादन केले. तिथे आवाज ४५ सेकंद घुमत राहतो. त्यामुळे वादकाला आपल्याच मागच्या स्वरांशी जुळवून घ्यावे लागते आणि वाजवण्याइतकेच ऐकणे हे काम होते. ‘डीप लिसनिंग’ हे त्या मुद्रिकेचे नाव पुढे ऐकण्याच्या एका शिक्षणपद्धतीचे झाले. पॅरिसच्या एलियान रादिग यांनी एकाच सिंथेसायझरवर तासतासभराच्या, जवळजवळ न हलणाऱ्या रचना केल्या. तिबेटी बौद्ध साधनेचा त्यांवर ठसा आहे. याच्या शेजारी योग आणि ध्यानासाठी वापरले जाणारे ‘न्यू एज’ संगीत वाढले. पॉल हॉर्न यांनी १९६८मध्ये ताजमहालाच्या घुमटाखाली वाजवलेली बासरी हा त्याचा आरंभीचा गाजलेला नमुना. ‘न्यू एज’ मनाला आराम देण्याचे वचन देते, तर ॲम्बियंट अस्वस्थतेलाही जागा ठेवते.

नाचाच्या शेजारची खोली

१९८९मध्ये लंडनच्या ‘हेवन’ क्लबमध्ये रात्रभर नाचून दमलेल्यांसाठी शेजारी विसाव्याची खोली काढली गेली. तिथे ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी ईनो, पक्ष्यांचे आवाज, जुने रेडिओ कार्यक्रम आणि मंद ठेके एकत्र मिसळत. त्यातून ‘ॲम्बियंट हाउस’ जन्मले. ‘केएलएफ’ या गटाची ‘चिल आउट’ ही मुद्रिका १९९०मध्ये आली. पॅटरसन यांच्या ‘द ऑर्ब’ची जवळपास ४० मिनिटांची एकच रचना १९९२मध्ये ब्रिटनच्या विक्री-यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचली. एफेक्स ट्विन या नावाने काम करणाऱ्या रिचर्ड जेम्स यांच्या १९९२च्या मुद्रिकेत ठेका आहे. १९९४च्या दुसऱ्या भागात तो बहुतांशी गळून पडतो आणि स्वप्नात ऐकल्यासारखे अस्पष्ट सूर उरतात.

गोव्यात हणजुणे आणि वागातोरच्या नाचाच्या रात्रींत हीच गरज वेगळ्या रूपात भागवली जाई. नाचाच्या कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, दिवा लावून चहा विकत. पहाटे तिथेच लोक पडून राहत. तिथले नाचाचे संगीत ‘गोवा ट्रान्स’ या नावाने जगभर गेल्यावर त्याच्या महोत्सवांत विसाव्याचे स्वतंत्र तंबू उभे राहिले आणि ‘सायबियंट’ ही शैली त्यांत वाढली.

काळोख, झीज आणि झोप

शांततेइतकीच भीतीही वातावरणात असते. औद्योगिक संगीतातून आलेल्या ‘डार्क ॲम्बियंट’ने तळघरे, यंत्रे आणि गुहा यांचे खोल गुरगुरणारे आवाज वापरले. लस्टमोर्ड यांची ‘हेरेसी’ (१९९०) हा तिचा पाया मानला जातो. जर्मनीत वोल्फगांग व्होइग्ट यांनी ‘गास’ या नावाने वाद्यवृंदाचे धूसर तुकडे आणि दूरचा ठेका मिसळून जंगलाचा भास उभा केला.

विल्यम बाझिन्स्की रेडिओवरच्या हलक्या संगीतातून पूर्वी घेतलेल्या टेपफिती २००१मध्ये डिजिटल रूपात उतरवत होते. फिती जुन्या होत्या. यंत्रातून जाताना त्यांच्यावरचा चुंबकीय लेप झडत गेला आणि प्रत्येक फेरीत संगीतात खिंडारे पडत गेली. त्यांनी यंत्र थांबवले नाही. ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ ही त्या झिजेची नोंद आहे. त्या वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ब्रुकलिनच्या गच्चीवरून न्यूयॉर्कवरचा धूर दिसत असताना हे संगीत वाजत होते आणि तेव्हापासून ते शोकसंगीत म्हणून ऐकले जाते. दुर्लक्षिण्यासाठी केलेले रेडिओसंगीत विरता विरता अवधानाचा विषय झाले.

रॉबर्ट रिच यांनी १९८२पासून झोपलेल्या श्रोत्यांसाठी रात्रभराच्या मैफली केल्या. मॅक्स रिख्टर यांची ‘स्लीप’ (२०१५) आठ तासांहून मोठी असून श्रोते पलंगांवर झोपून ती ऐकतात. ईनो यांनी १९९६मध्ये संगणकाने दर वेळी नव्याने घडवायचे संगीत फ्लॉपी डिस्कवर काढले आणि २००८मध्ये पीटर चिल्व्हर्स यांच्यासोबत फोनसाठी ‘ब्लूम’ हे ॲप केले. जेम फायनर यांची ‘लाँगप्लेअर’ नव्या सहस्रकाच्या उंबरठ्यावर लंडनमध्ये सुरू झाली असून हजार वर्षे पुनरावृत्तीविना वाजण्यासाठी ती रचली आहे.

आज अभ्यास, झोप आणि एकाग्रता अशा नावांच्या तयार याद्यांतून हे संगीत मोठ्या प्रमाणावर ऐकले जाते. या याद्यांत म्युझॅकचा कारखानाही आहे आणि योशिमुरांची खिडकीही. कोणते संगीत थकवा झाकण्यासाठी केले आहे आणि कोणते भोवतालाकडे कान वळवते, हे ओळखण्याची ईनो यांची कसोटी तिथेही लागू पडते. संगीत थांबल्यावर पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ आणि पाखरांचे आवाज आधीपेक्षा स्पष्ट ऐकू आले, तर ते ॲम्बियंट होते.